डॉ. पंजाबराव देशमुख : पावसावरची शेती आणि भाऊसाहेबांचं काम



२७ डिसेंबर आला की आपल्या शाळांमध्ये डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांची जयंती साजरी होते. मुलं भाषणं करतात. त्या भाषणांत तीन वाक्यं ठरलेली असतात : भाऊसाहेब देशाचे कृषिमंत्री होते, त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण मुलाला विचारून बघा, कृषिमंत्र्यानं नेमकं काय केलं? उत्तर येत नाही. यात चूक मुलांची नाही, कारण आपणच त्यांना तेवढं सांगत नाही.

म्हणून आज हे चरित्र जरा वेगळ्या बाजूनं बघू या. शेतकरी आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आधार उभा करण्यात भाऊसाहेबांचं आयुष्य गेलं. कधी तो आधार कायद्याचा होता, कधी शाळेचा, कधी लागवडीच्या नव्या पद्धतीचा. आपण भंडारा जिल्ह्यातले, धान पिकवणारे लोक. हवामान बिघडलं की काय होतं, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे ही गोष्ट आपल्या मुलांना इतर कुणापेक्षा लवकर कळेल.

आधी आपला धान समजून घेऊ

चरित्राकडे जाण्याआधी थोडं आपल्या बांधीत उतरू या. मृगाच्या सरी आल्या की शेतकरी पऱ्हे टाकतो. ते पऱ्हे साधारण तीन ते साडेतीन आठवड्यांचे झाले की रोवणी करायची. रोवणीला बांधीत पाणी साचलेलं हवं, चिखल झाला पाहिजे. म्हणजे जुलैत जोरदार पाऊस हवाच. पाऊस लांबला तर पऱ्हे वाढत राहतात, म्हातारे होतात. असे पऱ्हे रोवले तर त्यांना फुटवे कमी येतात आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. शेत हिरवं दिसतं, पण उत्पन्न मात्र जुलैतच घटलेलं असतं.

पुढे सप्टेंबरच्या शेवटी, हस्त नक्षत्राच्या आसपास, धान निसवायला लागतो. या वेळी पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. याच दिवसांत ढगाळ, दमट हवा राहिली तर तुडतुडा वाढतो आणि उभं पीक जाळल्यासारखं करून टाकतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापून कडपा शेतात पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर तयार झालेला दाणा डोळ्यांदेखत भिजतो, अंकुरतो.

थोडक्यात काय, धानाला वर्षभरात किती पाऊस पडला यापेक्षा तो कधी पडला हे जास्त महत्त्वाचं. सरासरी गाठूनही साल बुडू शकतं. ही गोष्ट मनात ठेवूनच भाऊसाहेबांचं आयुष्य वाचायला घ्या.

दोन दुष्काळांच्या मधला जन्म

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं.

आता ती तारीख इतिहासात ठेवून बघा. १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस ऐन धान भरायच्या वेळी तुटला आणि १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला. जुन्या लोकांच्या बोलण्यात छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो हाच, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. या दोन दुष्काळांच्या मधल्या वर्षात भाऊसाहेब जन्मले. दुसरा दुष्काळ आला तेव्हा ते वर्षाचेही नव्हते.

वऱ्हाडात कापूस आणि ज्वारी, आपल्या झाडीपट्टीत धान. पिकं वेगळी, माती वेगळी. पण आभाळानं पाठ फिरवली की दोन्हीकडची माणसं एकाच रांगेत उभी राहात. अशा काळात वाढलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचा धडा पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

जमिनीच्या बदल्यात शिक्षण

प्राथमिक शिक्षण गावाकडे, पुढचं अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२० साली ते इंग्लंडला गेले. एडिंबरो विद्यापीठाची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची पदवी त्यांनी मिळवली. ऑक्सफर्डला त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहिला.

विलायतेतल्या शिक्षणाला पैसा लागतो. तो शेतीतूनच उभा करायचा होता. वडिलांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली, कर्ज काढलं. पालकहो, इथं क्षणभर थांबा. ज्या घरात पुढच्या वर्षी पाऊस पडेल की नाही याची खात्री नाही, त्या घरानं मुलाच्या पुस्तकांसाठी जमीन अडकवली. आजही आपल्या जिल्ह्यात धान विकून आलेल्या पैशातून मुलीच्या नर्सिंगची किंवा मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरली जाते. धान बुडाला की पहिला फटका बसतो तो शिक्षणालाच. हवामानाचा परिणाम शेतातून थेट शाळेच्या हजेरीपटावर येतो, हे आपण शिक्षक रोज बघतो.

शिक्षण संपवून पंजाबराव परतले आणि त्यांनी अमरावतीला वकिली सुरू केली. मनात आणलं असतं तर मुंबईत किंवा नागपुरात बॅरिस्टर म्हणून बक्कळ कमाई करता आली असती. पण त्यांनी वऱ्हाड सोडलं नाही. खेड्यांतून आलेल्या मुलांना राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहात. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात हे पाऊल सोपं नव्हतं.

पाणी सगळ्यांचं, कर्ज मात्र एकट्याचं

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी मुलांना जरूर सांगा. सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यावर भर दिला. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहातही ते पुढे होते. दुष्काळात विहिरीला पाणी असूनही काही माणसं तहानलेली राहतात, तेव्हा त्यात आभाळाचा दोष अर्धाच असतो. उरलेला अर्धा माणसांचा. विहिरी खुल्या करण्यामागं ही समज होती.

१९३० साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता, म्हणजे देशाचे कृषिमंत्री होण्याच्या वीसेक वर्षं आधीच भाऊसाहेब भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांचेही मंत्री होते.

तो काळ जागतिक मंदीचा. शेतमालाचे भाव कोसळलेले. शेतकऱ्याचं कर्ज कसं वाढतं, ते मुलांना गणिताच्या तासाला सांगण्यासारखं आहे. सावकाराचं व्याज दरवर्षी येतं. ते पाऊस बघत नाही, रोवणी झाली की नाही हे विचारत नाही. उत्पन्न मात्र पाऊस बघूनच येतं. तीन वर्षांतून एक साल जरी बुडालं, तरी त्या सालचं व्याज मुद्दलात मिसळतं, आणि पुढची दोन चांगली सालं ते फेडण्यातच जातात. मग पुन्हा एक वाईट साल. शेवटी जमीन जाते. म्हणजे जमीन जाते ती एका दुष्काळात नव्हे, दुष्काळ आणि व्याज यांच्या जोडीमुळे.

ही जोडी तोडण्यासाठी मध्य प्रांतात १९३३ चा कर्जलवाद कायदा आला. कर्ज देणारा आणि घेणारा यांना लवाद मंडळापुढे बसवायचं, फुगलेली रक्कम खाली आणायची, आणि फेडीचे हप्ते पाडून द्यायचे, असा त्याचा गाभा. या कायद्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. त्यानं सगळे शेतकरी सुटले असं नाही. पण हवामानानं केलेलं नुकसान शेतकऱ्यानं एकट्यानं सोसू नये, सरकारनं त्यात उतरलं पाहिजे, हा विचार कायद्याच्या कागदावर आला. आजच्या पीक विम्याच्या आणि नुकसान भरपाईच्या मुळाशी हाच विचार आहे.

१९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे या संस्थेचं शेती महाविद्यालयही झालं. शेतकऱ्याच्या मुलानं शिकून शेती सोडावी हा त्यांचा हेतू नव्हता. शिकलेल्या माणसानं शेतीकडं बघावं, हा होता.

दिल्लीत गेल्यावर

पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात कृषिमंत्री झाले. १९६२ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, ते या खात्याशी जोडलेले होते.

देशाची अवस्था तेव्हा कशी होती? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. फाळणीत गव्हाचा मोठा मुलूख आणि कालव्यांचं मोठं जाळं पाकिस्तानात गेलं होतं. १९५०-५१ साली देशात सुमारे ५ कोटी ८ लाख टन धान्य पिकलं आणि तेवढ्यात साऱ्या देशाचं पोट भरायचं होतं. धान्याची जहाजं परदेशातून येत होती.

१९६०-६१ साली हाच आकडा सुमारे ८ कोटी २० लाख टनांवर गेला. दहा वर्षांत मोठी वाढ. पण मधली वर्षं बघितली तर खरी गोष्ट कळते. १९५६-५७ साली सुमारे ७ कोटी टन धान्य झालं. पुढच्याच वर्षी, १९५७-५८ ला, पाऊस बिघडला आणि आकडा ६ कोटी ४३ लाख टनांवर घसरला. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि आकडा ७ कोटी ७१ लाखांवर चढला. मंत्री तेच, शेतकरी तेच, जमीन तीच. फरक पडला तो मुख्यतः पावसानं. सातवी-आठवीच्या मुलांना या तीन वर्षांचा स्तंभालेख काढायला लावा. हवामानाचा शेती उत्पादनावर परिणाम होतो हे वाक्य पाठ करण्यापेक्षा तो आलेख जास्त शिकवून जाईल.

जपानी भातशेती : आपल्या बांधीशी संबंध

आता या चरित्रातला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा भाग. १९५३ साली देशभर जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम सुरू झाली. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात ही पद्धत आधी करून पाहिली गेली होती. पंजाबरावांनी ती मोहीम म्हणून हातात घेतली आणि गावोगाव नेण्यासाठी जिवाचं रान केलं.

पद्धत काय होती? बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं. पोचट बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं. तळाशी बसलेलं भरीव बी धुऊन घ्यायचं. पऱ्हे सपाट जमिनीत दाट न टाकता उंच गादीवाफ्यावर विरळ टाकायचे. त्यामुळे बियाणं कमी लागतं आणि रोप दणकट होतं. रोवणी दोरी धरून ओळीत करायची, एका ठिकाणी दोन-तीनच रोपं लावायची. शेणखत-कंपोस्ट भरपूर द्यायचं, त्याला रासायनिक खताची जोड द्यायची आणि ओळींमधून निंदण करायचं.

वाचताना वाटेल, यात हवामानाचा काय संबंध? संबंध आहे. गादीवाफ्यावर जास्तीचं पाणी साचत नाही, म्हणून पहिल्याच जोराच्या पावसात पऱ्हे सडत नाहीत. विरळ वाढलेलं, जाड बुडाचं रोप रोवणीचा धक्का लवकर सोसतं. ओळीत रोवलेल्या धानात ऊन आणि वारा खाली बुडापर्यंत पोहोचतो. ज्या दाट, दमट, सावलीच्या जागेत तुडतुडा वाढतो, ती जागाच कमी होते. आज कृषी विभाग धानात ठरावीक ओळींनंतर मोकळा पट्टा सोडायला सांगतो, त्याला पट्टा पद्धत म्हणतात. श्री पद्धतही आपण ऐकली आहे. त्यांची तंत्रं वेगळी आहेत, पण कमी बी, निरोगी रोप, मोकळी ओळ ही दिशा तीच आहे.

मग प्रश्न येतो की ही पद्धत इतकी चांगली होती, तर सगळीकडे टिकली का नाही? हा प्रश्न वर्गात जरूर येऊ द्या. चरित्र सांगताना फक्त कौतुक केलं तर मुलांना विचार करायला काही उरत नाही.

कारण सरळ आहे. ओळीतल्या रोवणीला जास्त हात लागतात आणि रोवणीच्या दिवसांत साऱ्या गावालाच एकदम मजूर हवे असतात. खताला पैसा लागतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाणी. दणकट रोप तयार आहे, दोरी तयार आहे, पण बांधीत चिखल करायला पाऊस नाही, तर काय करणार? ज्याच्याकडे पाण्याची सोय होती त्याला पद्धत फळली. जो नुसता आभाळाकडे बघत होता, तो पाऊस येताच घाईघाईत जमेल तशी रोवणी उरकून मोकळा झाला. त्याला अडाणी म्हणता येत नाही. पाऊस पुन्हा कधी येईल याची खात्री नसताना तेच त्याला शहाणपणाचं वाटलं.

म्हणजे बियाणं, पद्धत आणि पाणी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय नसला तर ती उभी राहात नाही.

आपल्याकडचा तिसरा पाय

इथं आपल्या जिल्ह्याचं एक वैभव मुलांना सांगायला हवं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आपल्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी, काही शतकांपूर्वी जमिनीचा उतार ओळखून पाळी घातल्या, पाणी अडवलं आणि खालच्या बांध्या भिजवल्या. हेच मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आता गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हे त्यातलं मोठं नाव. हस्तात पाऊस तुटला की याच तलावाचं पाणी सोडून धान पिकवला जाई. हवामानाच्या लहरीवर गावानं स्वतः शोधलेलं हे उत्तर होतं.

१९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली. व्यवस्था बदलली, ती बदलायलाच हवी होती. पण तलावाची पाळ कोण बघणार, गाळ कोण काढणार, पाण्याची पाळी कोण ठरवणार, हे प्रश्न मागे राहिले. बरेच तलाव गाळानं उथळ झाले. पंजाबराव दिल्लीहून नवी पद्धत पाठवत होते, त्याच वर्षांत गावातला जुना आधार कमकुवत होत होता. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे आपल्या जिल्ह्याचा इतिहास शिकवताना सांगितलं पाहिजे.

शेतकऱ्याची संघटना, शेतीचं विद्यापीठ

१९५५ साली भाऊसाहेबांनी भारत कृषक समाज ही संघटना स्थापन केली. वेगवेगळ्या राज्यांतल्या शेतकऱ्यांनी एकत्र यावं, एकमेकांचे प्रयोग बघावेत, हा तिचा हेतू. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्घाटनाला हजर होते. भारतातल्या साध्या शेतकऱ्यानं जगातली अवजारं, बियाणं, प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत, म्हणून पंजाबरावांनी हा घाट घातला होता. १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं, तेही ते मंत्रिमंडळात असतानाच. विदर्भातही असं विद्यापीठ असावं, ही त्यांची इच्छा होती.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

पुढची गोष्ट मुलांना सांगितली की वर्ग शांत होतो. त्यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी सुरू झालेला १९६५ चा पावसाळा देशभर तुटला. १९६४-६५ साली सुमारे ८ कोटी ९४ लाख टन असलेलं धान्याचं उत्पादन १९६५-६६ साली ७ कोटी २३ लाख टनांवर आलं. एका पावसाळ्यात पावणेदोन कोटी टनांच्या आसपास धान्य कमी झालं. पुढचं वर्षही वाईट गेलं. त्या संकटातूनच बुटक्या, जास्त उत्पन्न देणाऱ्या गहू-धानाच्या जातींना वेग आला, त्यालाच आपण हरितक्रांती म्हणतो. दोन दुष्काळांच्या मध्ये जन्मलेला हा माणूस तिसऱ्याच्या तोंडावर गेला.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झालं.

आज आपल्यासाठी याचा अर्थ काय?

या विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात, साकोलीला आहे. तिथं धानाच्या जातींवर काम चालतं. साकोलीला कृषी विज्ञान केंद्रही आहे. म्हणजे भाऊसाहेबांच्या कामाचा एक धागा थेट आपल्या बांधीपर्यंत आलेला आहे. सहल काढायची तर लांब जायची गरज नाही.

पण आभाळ मात्र आता भाऊसाहेबांच्या काळातलं राहिलेलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्या आहेत. मधले कोरडे दिवस लांबतात आणि मग एकदम धो-धो पाऊस येतो. ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. वैनगंगेनं भंडारा शहरात आणि काठच्या गावांत केलेली दशा आपण बघितली आहे. उभा धान दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला.

उष्णतेचंही तसंच. धान फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर परागीकरण बिघडतं आणि दाणे पोचट राहतात. उन्हाळी धानाला हा धोका जास्त. रात्री उबदार झाल्या तरी नुकसान होतं, कारण रोप दिवसा तयार केलेलं अन्न रात्री श्वसनात जास्त खर्च करतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या नोंदींवरून २००४ साली असं मांडलं गेलं की वाढीच्या काळात रात्रीचं किमान तापमान १ अंशानं वाढलं तर धानाचं उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटतं. रात्रीची ऊब आपल्याला फक्त पंखा लावायला सांगते, धानाला ती दाण्याचं वजन मागते.

मग भाऊसाहेबांच्या आयुष्यातून आज काय घ्यायचं? माझ्या मते हे : पाऊस आपल्या हातात नाही, पण पावसाच्या आधीची तयारी आणि पावसानंतरचा आधार, या दोन्ही गोष्टी माणसांच्या हातात आहेत. चांगलं बी, निरोगी पऱ्हे, मोकळी ओळ, तलावातलं पाणी, वेळेवर कळलेला हवामान अंदाज ही झाली तयारी. स्वस्त कर्ज, वेळेवर मिळणारी भरपाई, मुलांचं न तुटणारं शिक्षण हा झाला आधार. भाऊसाहेबांनी दोन्हीकडे हात घातला. तयारीविना आधार दिला तर सरकारची तिजोरी पुरत नाही, आणि आधाराविना तयारी सांगितली तर गरीब शेतकऱ्याला ती परवडत नाही.

वर्गात आणि घरी करून बघा

१. प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा, बाजूला पट्टी चिकटवा. जूनपासून रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घ्या. मुलांना सांगा, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. तर १० मिलिमीटर पावसात एका एकरावर किती पाणी पडलं? सुमारे ४० हजार लिटर! हे उत्तर आलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

२. त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात गावातल्या शेतीची कामं लिहा : पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी सुरू झाली, धान कधी निसवला, कापणी कधी झाली. वर्षाअखेर दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. दरवर्षीची वही शाळेत जपून ठेवा.

३. मिठाच्या पाण्याचा प्रयोग वर्गात करा. मूठभर धान, एक भांडं, मीठ, एवढंच लागतं. तरंगलेलं आणि बुडालेलं बी वेगवेगळं पेरून उगवण मोजा. प्रयोगानंतर बी साध्या पाण्यानं धुवायला विसरू नका.

४. गावातल्या तलावावर जा. पाळ कुणी बांधली असं मोठी माणसं सांगतात, गाळ शेवटी कधी काढला, तलावाखाली किती बांध्या भिजतात, हे आजोबांना विचारून लिहा.

५. पालकांनी मोबाईलवर मेघदूत आणि दामिनी ही अॅप घ्यावीत. पहिल्यात हवामान आणि शेतीचा सल्ला मिळतो, दुसऱ्यात विजेचा इशारा. रोवणीच्या दिवसांत शेतात असलेल्या माणसाच्या जिवासाठी दुसरं अॅप फार उपयोगाचं.

येत्या २७ डिसेंबरला भाषणात ती तीन वाक्यं असू द्या. त्यांच्या जोडीला एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या पर्जन्यमापकाची वही घेऊन उभी राहिली आणि यंदा गावात रोवणीला पाऊस किती दिवस उशिरा आला हे तिनं वाचून दाखवलं, तर जयंती खऱ्या अर्थानं साजरी झाली असं मी म्हणेन. तुमच्या शाळेत हा उपक्रम केलात तर तुमच्या गावची नोंद आम्हालाही जरूर कळवा. दोन-चार गावांच्या वह्या एकत्र आल्या, तर एकाच तालुक्यात पाऊस किती वेगवेगळा पडतो हे मुलांना स्वतःच शोधता येईल.